तापीच्या डोहावर, मे 1895

उठा. पूर्व अजून काळीच आहे, पण म्हातारा भोई मघाच वाळूत उतरलाय आणि त्यानं डोंग्याला हात घातलाय. मे महिन्याच्या अख्ख्या दिवसात वाळू पायाला गार लागते ती याच तासाला. हा तास झोपेत घालवू नका.

साल 1895. तुम्ही तापीच्या काठी आहात, आणि मागे बैलगाडीची वाट धारणीकडे जाते. धारणी म्हणजे अजून तालुक्याचं ठिकाण नव्हे. मेळघाट तालुक्याची कचेरी वर चिखलदऱ्याला, जिल्हा एलिचपूर. कागदावर सगळा वऱ्हाड निजामाचा, पण 1853 पासून कारभार इंग्रजांकडे, आणि त्यांचा वरिष्ठ म्हणजे हैदराबादचा रेसिडेंट. समोरचा काठ निमाडचा, मध्य प्रांतातला. मधल्या या पाण्यावर आज एकच डोंगा आहे आणि तुम्ही त्यात बसणार आहात. तुमचं काम साधं आहे: डोंग्यात झिरपलेलं पाणी टोपल्यानं उपसायचं, साहेब मागेल ती वस्तू हातात द्यायची, आणि बाकीचा वेळ हलायचं नाही.

साहेब एलिचपूरच्या छावणीतला, हैदराबाद कंटिंजंटच्या पलटणीतला तरुण अधिकारी. त्याच्या बरोबरीचे लोक उन्हाळ्यात चिखलदऱ्याला थंड हवा खायला चढतात. हा महिन्याची रजा घेऊन उलट खाली उतरला. घटांग, सेमाडोह, हरिसाल असे मुक्काम करत, दोन बैलगाड्या, एक तंबू आणि एक लांबट लाकडी पेटी घेऊन तो इथवर आला. त्या पेटीत वेताच्या आवरणात जपलेली काठी आहे, पितळी रीळ आहे, तेल पाजलेली रेशमी दोरी आहे, आणि हेन्री सलिव्हन थॉमस यांचं 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक आहे. थॉमस मद्रास इलाख्यातले मुलकी अधिकारी. त्यांचं हे पुस्तक पहिल्यांदा 1873 साली मंगळूरला छापलं गेलं, आणि महाशीर हा मासा कसा पकडावा हे इंग्रजांच्या दोन पिढ्या त्यातूनच शिकल्या. साहेबाच्या प्रतीला मेणबत्तीचे डाग आहेत. त्याची ती पोथीच.

भोयाला पुस्तक नाही. त्याला हा डोह आहे.

तापी तुम्ही सुरतेला पाहिली असेल, भुसावळच्या पुलावरून पाहिली असेल. ही तापी वेगळी. मुलताईला उगम पावून सातपुड्याच्या घड्यांतून ती इथवर येते, तेव्हा मे महिन्यात तिच्या पात्राचा बहुतेक भाग गोटे, वाळू आणि काळ्या खडकाच्या पायऱ्या. पाणी एका काठाला लागून बारीक धारेनं वाहतं. गुडघाभर खोल, खळखळतं, उन्हात काचेसारखं. मग ती धार एका काळ्या चिऱ्यावरून घसरते आणि एकदम गप्प होते. तिथे डोह लागला. वरून हिरवा, मध्ये निळा, आणि खडकाच्या कडेला असा काळा की बांबू घातला तर बांबूच संपतो. पावसाळ्यात मैलोन् मैल पसरलेला मासा आता अशा डोहांत येऊन राहिलाय. चार महिन्यांपूर्वी या नदीत मासा शोधावा लागला असता. आज तो कुठे आहे हे शेंबडं पोरही सांगेल. पण तो काय घेईल आणि कधी घेईल, हे एकट्या भोयाला ठाऊक.

इतक्या कडक उन्हाळ्यात ही धार वाहते कशी, हे बसल्या बसल्या एकदा मान वळवून बघा. मागे डोंगर आहेत. साग पार उघडा झालाय, जमिनीवर त्याची सुपाएवढी पानं करकरतात; पण त्या पानांखालची माती पावसाळ्यातलं पाणी धरून आहे आणि थेंबथेंब खाली सोडते आहे. खंडू, खापरा, सिपना, गाडगा, डोलार या मेळघाटच्या पाच नद्या, आणि पाचही तापीलाच मिळतात. बैरागड आणि गुगामळचं जंगल इंग्रजांनी 1860च्या दशकात राखीव केलं ते सागाच्या लाकडासाठी. मासा त्यांच्या हिशेबात नव्हता, आणि जंगलात शेकडो वर्षं राहणाऱ्या कोरकूंचे हक्क त्या राखीवपणानं आवळले, हे विसरता येणार नाही. तरीही मेमध्ये वाहणारं हे पाणी त्या जंगलाच्या पोटातून आलंय, आणि या डोहातल्या माशाचं आयुष्य तिथे डोंगरावर ठरतं, इथे नाही. हे मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं, म्हणून मासा गळाला लागायच्या आधीच सांगून ठेवतो.

चला, डोंग्यात पाय ठेवा. मधोमध ठेवा. हा एका खोडाचा कोरलेला डोंगा, त्याला तळ आहे पण पसारा नाही. एका बाजूला झुकलात तर तो तुम्हाला विचारत बसणार नाही. साहेब मध्ये, तोंड मागे करून. तुम्ही त्याच्या पायाशी. भोई मागच्या टोकाला उभा, हातात बांबू. खोल पाणी आलं की तो बांबू आडवा ठेवून आखूड वल्हं घेतो. वल्ह्याचा पाण्यावर आवाज होत नाही. तो पाणी कापत नाही, बाजूला सारतो.

साहेब पेटीतून पितळी चमचा काढतो. अंगठ्यापेक्षा थोडा लांब, दांडा नसलेला, खोलगट, एका टोकाला तीन तोंडांचा गळ. दोरीला तो थेट बांधलेला नाही. मध्ये तारेचा तुकडा आहे आणि गिरकी घेणारी कडी आहे, म्हणजे चमचा फिरला तरी दोरीला पीळ बसत नाही. तो पाण्यात सोडतो, रीळ मोकळं करतो, आणि डोंगा पुढे जाईल तशी दोरी मागे सुटत जाते. दहा हात, वीस, चाळीस. मग तो बोटानं रीळ थांबवतो. आता चमचा मागे कुठेतरी पाण्याखाली गरगरत येतो आहे. त्याच्या पाठीवर उजेड पडतो आणि जातो, पडतो आणि जातो. खालून बघणाऱ्याला वाटावं की एखादी जखमी मासोळी कळपामागे राहिली आहे.

या मासेमारीत वाट बघणं नदीकाठच्या गळासारखं नसतं. इथे तुम्हीच चालत असता आणि आमिष तुमच्या मागे चालत असतं. म्हणून सगळी कला वल्ह्याच्या हातात. डोंगा जोरात गेला तर चमचा वर येतो आणि पाण्यावर नाचतो. अगदी मंद झाला तर चमचा फिरायचा थांबतो आणि तळाच्या गोट्यांत अडकतो. म्हातारा बरोबर मधल्या चालीनं जातो आणि ती चाल डोहाच्या खोलीप्रमाणे बदलतो. खडकाची कड आली की एक वल्हं कमी, म्हणजे चमचा हातभर खाली बुडतो आणि कडेच्या अंधारातून जातो. उथळ आलं की दोन वल्ही जास्त. साहेबाला वाटतं काठी त्याच्या हातात आहे म्हणजे मासेमारी तो करतो आहे. तसं नाही. इंग्रजांच्या शिकारीच्या पुस्तकांत काठी, रीळ, दोरी, गळ यांवर पानंच्या पानं असतात आणि डोंगा वल्हवणारा एखाद्या वाक्यात उरकलेला असतो, बहुतेकदा नावाशिवाय. आज तुम्ही इथे आहात तर त्याच्याकडे बघा. त्याच्या पायाची बोटं डोंग्याच्या कडेला घट्ट धरून आहेत आणि डोळे चमच्यावर नाहीत, पुढच्या पाण्यावर आहेत.

"थे उंबर दिसते का?" तो तुम्हाला हळूच विचारतो. काठावरून उंबराची एक फांदी पाण्यावर आडवी आली आहे. "पिकलं उंबर खाली पडलं का मासा तिथं येते. चमच्यापरीस त्याले उंबर आवडते. पन साहेबाले कोन सांगन?"

खरं आहे. महाशीर सगळं खातो. शेवाळ, पडलेली फळं, खेकडे, शिंपले, किडे, लहान मासे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 साली महानंदेतल्या माशावरून ज्या जातीचं वर्णन केलं, तीच ही जात, टोर टोर. तापी आणि नर्मदा ही तिची मोठी घरं. पलीकडे निमाडात आणि नर्मदेकाठी तिला बाडस म्हणतात.

दुसऱ्या फेरीला, डोहाच्या डोक्याशी, जिथे धार पडून फेस विरतो त्याच्या जरा खाली, काठी एकदम वाकते. तुम्ही दचकता. रीळ किंचाळतं. आणि तुम्ही श्वास घेईपर्यंत सगळं सैल. साहेब तोंडातल्या तोंडात काही म्हणतो आणि दोरी गुंडाळून घेतो.

चमचा तुमच्या हातात येतो. नीट बघून घ्या. मघाचा खोलगट पितळी चमचा आता मधोमध चेपला आहे, जणू कुणी दोन दगडांत धरून दाबला. गळाच्या तीन तोंडांपैकी एक सरळ झालंय, एक तुटलंय. महाशीराच्या जबड्यात दात नसतात. दात घशात असतात, तीन रांगांत, शिंपला फोडायला. पण त्या मऊ, जाड ओठांच्या मागे जबड्याचं हाड आणि त्याची चिमट इतकी जबर असते, की इंग्लंडहून आलेले ट्राउटचे नाजूक गळ इथे टिकत नाहीत. थॉमस यांनी मुद्दाम जाड गळ घ्यायला सांगितलं ते याच कारणानं. साहेब पेटीत हात घालून दुसरा चमचा काढतो. या वेळी गळ मोठा आहे.

त्यानंतर काहीच नाही. सूर्य वर येतो, पाण्यावर उजेड सपाट पडतो, आणि म्हातारा न विचारता डोंगा वाळूला लावतो. "आता तो तयाशी गेला. चार वाजेस्तोवर वर येत नाई."

दुपार.

दुपारबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ऊन सोडून. वाळू तापली की अनवाणी पाय टाकवत नाही. साहेब तंबूत आहे. तुम्ही आणि भोई जांभळीखाली. ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा, आणि डोहातलं पाणी. जांभळं अजून हिरवी आहेत. वरच्या सागवनात भरदुपारी एक पिंगळा बोलतो आहे. आपण त्याला रानपिंगळा म्हणू. हा पक्षी शेवटचा मिळाला तो 1884 साली, अकरा वर्षांपूर्वी. यापुढे तो 1997 पर्यंत कुणाला सापडणार नाही, आणि शहाद्याजवळ पुन्हा सापडल्यावर कळेल की त्याचं मोठं घर इथेच, मेळघाटात आहे. साहेबाला पक्ष्यांत रस नाही. भोई पिंगळ्याकडे लक्ष देत नाही, कारण तो रोजच बोलतो.

खाली, धारेपासून तुटलेल्या एका छोट्या डबक्यात कोरकू बाया आणि पोरं उतरली आहेत. त्यांनी गेळाची फळं ठेचून आणली आहेत. ती पाण्यात कालवतात, फेस येतो, आणि थोड्या वेळानं लहान मासे गुंगून पोटं वर करून तरंगू लागतात. पोरं ते टोपल्यात वेचतात. डबकं आठ दिवसांत तसंही आटणार होतं; घार आणि बगळे त्या माशांवर बसलेच होते. एका जेवणापुरतं पाणी निवडलंय आणि तेवढंच वापरलंय. डोहात ते गेळ घालत नाहीत. डोहाला गेळ पुरणारही नाही.

तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, म्हणून तुम्हाला हे दृश्य नुसतं बघून सोडता येत नाही. दोन वर्षांनी, 1897 साली, इंग्रज सरकार हिंदुस्थानासाठी मत्स्य कायदा करील आणि नदीत सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारणं हा गुन्हा ठरवील. त्यामागे फ्रान्सिस डे या लष्करी डॉक्टराचं काम आहे. त्यांनी 1870च्या दशकात देशभरच्या गोड्या पाण्यातल्या मासेमारीची पाहणी केली आणि नद्यांतला मासा ओरबाडला जातोय हे सरकारच्या गळी उतरवायचा प्रयत्न केला. कायदा झाला. पण पुढच्या शतकात रेल्वेची आणि रस्त्यांची कामं येतील, विहिरी फोडायचा दारूगोळा गावोगाव मिळेल. मग कपाशीवर मारायच्या कीटकनाशकाच्या बाटल्या येतील, ब्लीचिंग पावडर येईल, विजेच्या तारा येतील. गेळ माशाला गुंगी आणतं. कीटकनाशक डोहातला मासा, त्याचं पिल्लू, खेकडा, किडा, सगळंच संपवतं, आणि वरून पाणी प्यायला आलेलं जनावरही. या दोन्हींना 'विष घालणं' या एकाच नावाखाली बसवणं मला पटत नाही.

आणखी पुढचंही तुम्हाला ठाऊक आहे. या बायांपैकी काहींना पाच उन्हाळ्यांनी छप्पनचा दुष्काळ गाठणार आहे. 1899 चा पाऊस दगा देईल, आणि मेळघाटात माणसं झाडाची साल आणि कंद शोधत फिरतील. तेव्हा हे डोह पोट भरायला उपयोगी पडतील, जिथे ते उरतील तिथे. 1903 साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला जाईल. 1974 च्या फेब्रुवारीत मेळघाट व्याघ्र प्रकल्प होईल, देशातल्या पहिल्या नवांपैकी एक. आणि इथली मगर, जी आत्ता पलीकडच्या वाळूवर ओंडक्यासारखी पडली आहे आणि जिच्यामुळे साहेबानं अजून पाण्यात पाय घातलेला नाही, ती मेळघाटच्या नद्यांतून इतकी नाहीशी होईल, की 1990 आणि 1991 साली ढाकण्याजवळच्या सिद्धूकुंडात आणि कोलकासजवळच्या हातरूच्या डोहात मगरी बाहेरून आणून सोडाव्या लागतील.

महाशीराचं काय? त्याच्यासाठी महाराष्ट्रात एक मोठं काम होईल, पण इथे नाही, लोणावळ्याला. वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात 1970च्या दशकापासून सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले दख्खनच्या महाशीराची अंडी हातानं काढून फलित करतील, आणि दाखवून देतील की ती ओल्या कापसात ठेवून लांब पाठवता येतात. पाण्याच्या हंड्याची गरज नाही, नुसता ओला कापूस. देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत त्या केंद्रातली पिल्लं जातील. 2011 साली मध्य प्रदेश महाशीराला राज्याचा मासा म्हणून मान देईल. आणि 2025 च्या 10 मे रोजी, म्हणजे असाच ऐन उन्हाळा असताना, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश भोपाळात तापीच्या पुनर्भरण प्रकल्पाच्या करारावर सह्या करतील. त्याचा बांध याच पट्ट्यात, खारिया गुटीघाटजवळ घालायचा बेत आहे. पाणी अडवून कालव्यांनी जमिनीत मुरवायचं, खानदेशाच्या आणि बऱ्हाणपूरच्या खोल गेलेल्या विहिरींसाठी. केळीच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याची तहान खोटी नाही. पण महाशीर पावसाळ्यात धारेविरुद्ध वर चढून, गोट्यांवरून वाहणाऱ्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि साठलेल्या थोपलेल्या पाण्यात ते जमत नाही. त्या आराखड्यात माशासाठी वाट आणि डोहासाठी उन्हाळ्यातली धार मोजून ठेवली जावी, हे मागणं अवाजवी नाही.

उठा, म्हाताऱ्यानं हाक मारली. सावल्या लांब झाल्या.

संध्याकाळच्या डोहाचा रंग सकाळसारखा नसतो. पाणी जाड दिसतं. म्हातारा या वेळी डोक्याकडे जात नाही, उंबराखालून जातो, आणि इतका हळू की तुम्हाला वाटतं डोंगा थांबलाच. साहेब हातानं खूण करतो, जोरात. म्हातारा ऐकल्यासारखं करतो आणि तसाच हळू जातो.

टप्. एक उंबर पाण्यात पडतं. त्याच्या मागून चमचा जातो.

हा झटका सकाळच्यासारखा नाही. काठी वाकत नाही, ती ओढली जाते, साहेबाच्या दोन्ही हातांसकट. रिळावरची दोरी जळाल्यासारखी सुटते. साहेबानं बोट लावलं आणि लगेच काढलं; बोटावर पांढरी रेघ उठली आहे. साठ हात, ऐंशी, शंभर. महाशीराची पहिली धाव ही त्याची सगळी ताकद असते आणि ती धाव थांबवायला जाणाऱ्याच्या हातात फक्त काठी उरते. काठावरून एक कोरकू पोरगा ओरडतो आहे, "काकू! काकू!" कोरकूत मासा म्हणजे काकू.

"साहेबाले सांग, दोरी आवरू नोको म्हना! जाऊ दे त्याले!" म्हातारा तुमच्या मानेमागून बोलतो आणि त्याच दमात डोंग्याचं तोंड माशाकडे वळवतो. हे बघा, आता कोण मासा पकडतोय ते. दोरी रिळावर संपत आली होती. डोंगा मागे धावल्यामुळे वीस हात परत मिळाली. मासा डावीकडे, काळ्या चिऱ्याकडे वळतो. तिथे खडकाला पाण्याखाली धार आहे, दोरी एकदा घासली की संपलं. म्हातारा हे आधीच जाणून होता. त्यानं वल्हं टाकून बांबू घेतला आणि डोंगा मासा आणि खडक यांच्या मध्ये घातला. मासा डोंग्याखालून जातो. क्षणभर तुम्हाला तो दिसतो. पाठ काळसर, कुशीवर तांबूस सोनं, आणि एवढा लांब की शेपूट कुठे संपलं ते कळत नाही. दोरी डोंग्याच्या बुडाला घासते. साहेब काठीचं टोक पाण्यात खुपसतो, बुडाखालून दोरी काढून दुसऱ्या बाजूला घेतो. हे त्यानं छान केलं. त्याला श्रेय द्यायलाच हवं.

मग दुसरी धाव, पहिलीपेक्षा आखूड. मग तो तळाशी जाऊन बसतो, आणि बसतो तो उठतच नाही. दगड अडकल्यासारखी दोरी ताठ. साहेब खेचतो. काही नाही.

"बसला. बसू द्या. गोटा मारतो." म्हातारा डोंग्यातला एक वाटोळा गोटा उचलतो, दोरीच्या सरळ रेषेत, जरा पलीकडे अलगद सोडतो. गोटा खाली जातो आणि मासा उठतो.

पाऊण तास झाला असावा. पश्चिमेला शुक्र लखलखतो आहे. मासा आता कुशीवर वळतो, सावरतो, पुन्हा वळतो. डोंगा उथळ वाळूला लागलाय. म्हातारा धोतर खोचून पाण्यात उतरतो. मगरीकडे त्यानं एकदा बघून घेतलं, ती आहे तिथेच आहे. तो माशाच्या मागून येतो, घाई न करता दोन्ही हात कल्ल्यांखाली घालतो, आणि एका हिसक्यात माशाला वाळूवर घेतो.

कंदिलाच्या उजेडात बघा. खवले रुपयापेक्षा मोठे, एकावर एक बसवलेले, प्रत्येकाची कड तांबूस. ओठ जाड, वर दोन जोड्या मिशा. साहेबाच्या काट्यात 28 पौंड. म्हाताऱ्याच्या अंदाजात तेराचौदा शेर, आणि काट्यानं त्याला खोटं पाडलं नाही. साहेब एक खवला सोलून पुस्तकात ठेवतो, आठवण म्हणून. त्या खवल्यावर बारीक वर्तुळं आहेत. झाडाच्या खोडासारखीच ती वयाबरोबर वाढतात, आणि पुढे मत्स्यशास्त्रज्ञ ती मोजून माशाचं वय काढतील. एवढा महाशीर दोन-चार वर्षांत होत नाही. तो फार सावकाश वाढतो.

पोट फाडताना म्हाताऱ्याचा हात थांबतो. आत दोन लांब पिवळ्या पिशव्या.

"पोटाची हाये," तो म्हणतो. "पानी पडल्यावर वरतं चढली असती."

साहेब तुम्हाला विचारतो, काय म्हणतोय. तुम्ही सांगता. तो गप्प राहतो, मग विचारतो की अंडी खातात का. खातात. रोहू-कटल्याच्या मानानं महाशीराची अंडी कमी, आणि तीही एकदम नाही, थोडी थोडी घातलेली. म्हणून एक मोठी मादी गेली की डोहाचं नुकसान मोठं असतं.  म्हाताऱ्याला ते हिशेबानं ठाऊक आहे. गेल्या दोन उन्हाळ्यांत या डोहातून कोणते मासे गेले, ते तो वजनासकट सांगतो.

मासा तोडला जातो. शेपटाकडचा मोठा तुकडा साहेबाच्या आचाऱ्याकडे, मधला गाडीवानांना, एक वाटा काठावर आलेल्या कोरकूंना, डोकं आणि अंडी म्हाताऱ्याकडे. तुम्हालाही बोटभर जाड तुकडा मिळतो, मीठ-मिरची लावून निखाऱ्यावर भाजलेला. काटे जपून काढा, महाशीराला बारीक काटे फार.

जेवण झाल्यावर साहेब तंबूच्या दाराशी येऊन सांगतो: उद्या पहाटे, हाच डोह. याच्याहून मोठा मासा मघाशी धारेजवळ उसळला, त्यानं डोळ्यांनी पाहिलाय.

म्हातारा चिलीम बाजूला ठेवतो. "उद्या इथं नाई."

का नाही?

"आज डोह हालला. जो रायला तो आता चार-पाच रोज चमच्याकडं पायनार नाई. अन् पायला, तरी ह्या डोहातून एक गेला तं बस झाला. सांग त्याले."

तुम्ही पहिलं वाक्य साहेबाला सांगता. दुसरं सांगायचं की नाही याचा विचार करता, आणि तेही सांगता. साहेब दोन आणे जास्त देऊ करतो. म्हातारा मान हलवतो. चार आणे. म्हातारा पुन्हा मान हलवतो आणि वरच्या अंगाला बोट दाखवतो: दोन कोसांवर दुसरा डोह आहे, लांबट, बाभळीचा काठ, तिथे या साली कुणी गेलेलं नाही. तिथे नेतो. रोजचेच पैसे.

साहेब थोडा वेळ अंधारातल्या पाण्याकडे बघतो आणि 'अच्छा' म्हणतो.

आता डोंगा मधल्या गोट्यांवरून ओढत न्यावा लागणार, आणि तुम्हा दोघांच्यानं तो उचलणार नाही. कंदील घ्या. गावात जा, दोर आणि आणखी दोन माणसं सांगून या, आणि पहाटेच्या आधी निघायचं आहे हेही सांगा.